आजीची पोथी आणि राजवाड्यांची प्रत

प्राचीन ग्रंथ वाचावयास घेतला म्हणजे आपल्या हातीं नेमकें काय असतें, हा प्रश्न मला विद्यार्थिदशेंत पडला, आणि तो पडला तो माझ्या आजीमुळें.

सायंकाळीं देवापुढें दिवा लागला कीं आजी ज्ञानेश्वरीचीं दोन पानें मोठ्यानें वाचीत असे. पुढें एका ग्रंथालयांत मला इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९०९ सालीं छापलेली प्रत सांपडली. ऐकून पाठ झालेल्या ओव्या तेथें निराळ्याच रूपांत भेटल्या. कांहीं तर मुळींच नव्हत्या. त्या वयाच्या ऐटींत घरीं येऊन मीं सांगितलें, "आजी, तूं म्हणतेस ती ओवी ज्ञानेश्वरांची नव्हेच." तिनें पोथी मिटली. पुढें कित्येक दिवस ती मनांतल्या मनांत वाचीत राहिली. तिचा आवाज कांहीं ऐकूं आला नाहीं.

श्रोतेहो, माझें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. ज्ञानेश्वरी पुरी झाली शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं. पोथीवरून पोथी उतरतां उतरतां तींत पाठभेद शिरले. शके १५०६ मध्यें, १५८४ सालीं, पैठणच्या एकनाथ महाराजांनीं ती शुद्ध केली, आणि यापुढें कोणीं स्वतःची ओवी तींत घालूं नये असें बजावून ठेवलें. राजवाड्यांचा दावा असा कीं, बीडजवळ पाटांगण येथें मिळालेली त्यांची पोथी नाथांच्याहि पूर्वीची. तिच्या वयाविषयीं विद्वानांत पुढें पुष्कळ वाद झाले. तिची भाषा मात्र जुन्या वळणाची आहे, आणि आपली भाषा एके काळीं कशी होती हें पाहण्याचा आनंद मला त्या प्रतीनें दिला. राजवाड्यांचे उपकार मी विसरत नाहीं.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानांत फार उशिरां आली. नाथ हेहि एक वाचकच होते! २९४ वर्षांपूर्वींचा ग्रंथ त्यांच्या हातीं आला. तो बिघडलेला पाहून त्यांना राहवलें नाहीं. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती मानतों, ती नाथांच्या या शोधनाच्या समाप्तीची तिथि. घरोघरीं जी वाचली गेली ती ज्ञानेश्वरी नाथांच्या हातून आलेली. आजीच्या ओवीला पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुखांचा आधार होता, आणि मीं तिला एका छापील पानाच्या बळावर खोटें ठरवूं पाहिलें. हें तिला सांगावयाचें राहून गेलें.

आज दोन्ही प्रती माझ्या मेजावर आहेत. नववा अध्याय मी हटकून राजवाड्यांच्या प्रतींतून वाचावयास बसतों. डोळे त्या पानावर असतात. जीभ मात्र दोन-चार ओव्यांतच आजीच्या पाठावर जाते.