सूत्र कोणाच्या हाती? बाहुलीनाट्य, महोत्सव आणि आपला नाट्येतिहास

मराठी नाट्येतिहासाचा तास आपण बहुतेक सगळेच एका तारखेपासून सुरू करतो. ५ नोव्हेंबर १८४३, सांगली, 'सीतास्वयंवर', विष्णुदास भावे. तारीख नेमकी, आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धनही ठाऊक, त्यामुळे शिकविणे सोपे जाते. मात्र ज्या भाव्यांपासून आपण आरंभ करतो, त्यांचे हात बाहुल्या घडविणारे होते, ही गोष्ट या तासाला सहसा येत नाही. भाव्यांनी केलेल्या लाकडी बाहुल्या पुढे अनेक वर्षे पडून राहिल्या. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर चालत्या केल्या. मराठी रंगभूमीच्या जनकाची ही बाहुल्यांची बाजू आपण चरित्रातला एक गमतीदार तपशील म्हणून बाजूला ठेवतो. ती तशी ठेवण्याजोगी आहे का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

'सर्व वयोगटांसाठी समकालीन बाहुलीनाट्य' असे घोषवाक्य असलेले आंतरराष्ट्रीय महोत्सव गेल्या काही दशकांत जगभर भरू लागले आहेत, म्हणून हा प्रश्न आज विचारावासा वाटतो. भारतात अशा महोत्सवांमागे ज्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते, ते दादी पुदुमजी मूळचे पुण्याचे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकून ते स्टॉकहोमला मिखाएल मेश्के यांच्याकडे गेले. १९८६ मध्ये त्यांनी दिल्लीत 'इशारा' ही संस्था स्थापन केली आणि या शतकाच्या आरंभापासून तिचा आंतरराष्ट्रीय बाहुलीनाट्य महोत्सव भरू लागला. १९२९ साली प्राग येथे स्थापन झालेल्या 'युनिमा' या जागतिक संघटनेचे अध्यक्षपद २००८ मध्ये त्यांच्याकडे आले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याच्या मातीतल्या माणसाने जगाच्या बाहुलीनाट्याचे नेतृत्व केले आणि मराठी नाट्यसमीक्षेत त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. ही उपेक्षा एका व्यक्तीची नसून त्या कलाप्रकाराची आहे, असे मला वाटते.

उपेक्षेचे मूळ शोधायचे, तर प्रथम शब्दांकडे जावे लागेल. संस्कृत नाटकाचा संचालक तो 'सूत्रधार'. हे सूत्र कोणते? १८७९ साली मुंबई संस्कृत मालेत 'विक्रमोर्वशीय' संपादित करणाऱ्या शंकर पांडुरंग पंडितांचे लक्ष या प्रश्नाकडे गेले. सूत्रधार म्हणजे मुळात बाहुल्यांचे दोरे धरणारा, ही कल्पना मांडण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनी १९०० मध्ये तीच कल्पना विस्तारली आणि बाहुल्यांच्या खेळाचे माहेर भारत, तसेच भारतीय नाटकाचे मूळही तोच खेळ, असे प्रतिपादन केले. हिलेब्रांट आणि नंतर कीथ यांनी ते अमान्य केले. बाहुल्यांचा खेळ हे माणसांच्या नाटकाचे अनुकरण आहे, तेव्हा नाटक आधी आणि बाहुली नंतर, असा त्यांचा युक्तिवाद होता. सूत्र म्हणजे मोजमापाचा दोरा आणि सूत्रधार म्हणजे नाट्यगृह आखणारा कारागीर, असाही अर्थ लावला जातो. आपल्या 'सुतार' या शब्दाची व्युत्पत्ती 'सूत्रधार' अशीच सांगितली जाते, हे येथे ध्यानात घ्यावे.

हा वाद मिटविण्याचा अधिकार माझा नाही. परंतु पंडित हे सावंतवाडी संस्थानातल्या बांबुळीचे आणि त्याच संस्थानातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाज कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी असे तिन्ही प्रकार सादर करीत आला, ही जुळणी मनात राहते. तिच्यावर सिद्धान्त उभारू नये. तरीही, ज्या प्रदेशातून सूत्रधाराच्या मुळाविषयीचा प्रश्न विद्वत्तेच्या जगात गेला, त्याच प्रदेशात त्या प्रश्नाचे जिवंत साहित्य देवळांच्या आवारात रात्री खेळत होते, एवढे तरी म्हणता येईल.

ग्रंथातील पुरावेही कमी नाहीत. राजशेखराच्या 'बालरामायणा'त रावणाला भुलविण्यासाठी सीतेची यांत्रिक बाहुली केली जाते आणि तिच्या मुखात बोलणारा पोपट ठेवला जातो. कल्याणीच्या सोमेश्वर राजाच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त चित्रकथकाचा उल्लेख आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायातील यंत्रारूढ भूतांचा अर्थ सांगताना शंकराचार्यांना लाकडी आकृती आठवतात. ज्ञानेश्वरांकडे तर बाहुलीसाठी 'सायखडे' असा स्वतंत्र मराठी शब्दच आहे. दोरीच्या योगाने हलणारी बाहुली हा अहंकारशून्य कर्माचा दृष्टान्त ते देतात. दृष्टान्त नेहमी श्रोत्याच्या परिचयाचा असावा लागतो. म्हणजे तेराव्या शतकातल्या मराठी श्रोत्याला बाहुल्यांचा खेळ समजावून सांगावा लागत नव्हता, त्या खेळावरून अध्यात्म समजावता येत होते.

मग हा खेळ नाट्येतिहासाबाहेर कसा पडला? याचे एक उत्तर भाव्यांच्या प्रयोगरचनेत सापडते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीला झाले, त्यातून प्रेरणा घेऊन भाव्यांनी आपला प्रयोग बांधला, हे प्रसिद्धच आहे. या प्रयोगात पदे सूत्रधार गाई. राम, सीता, रावण झालेले नट त्या पदांवर अभिनय करीत आणि मधले बोलणे प्रसंगानुसार स्वतः जुळवीत. वाणी एकाची आणि देह दुसऱ्याचा, ही ती रचना होय. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाची रचना हीच आहे. छायाबाहुल्यांचीही तीच. चित्रकथीत तर देहाची जागा कागदावरचे स्थिर चित्र घेते आणि सगळी गती निवेदकाच्या आवाजात येते. भाव्यांनी आपली रचना बाहुल्यांवरून उचलली, असे मी म्हणत नाही. बाहुल्या करणाऱ्या हातांना ही रचना परकी वाटली नसावी, इतकेच सुचवितो.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि पदे पात्रांच्या स्वतःच्या मुखी गेली. नट आता आपलेच गाणे गाऊ लागला. वाणी आणि देह एकत्र आले. सूत्रधार नांदी आटोपून निघून जाऊ लागला. मराठी रंगभूमीची ही मोठी झेप होती, यात शंका नाही. पण त्याच क्षणी 'नाटक म्हणजे ज्याची वाणी त्याचाच देह' ही व्याख्या आपण नकळत स्वीकारली. त्या व्याख्येत न बसणारे सारे लोककला, करमणूक किंवा बालरंजन या खणांत गेले. शिवाय संहिता छापली जाऊ लागली आणि साहित्याचा अभ्यास संहितेचा अभ्यास झाला. पिंगुळीच्या कलावंताची 'पोथी' म्हणजे सुट्या चित्रांचा संच. तिची पूजा होते, पण तिच्यात वाचण्यासाठी शब्द नसतात. शब्द कलावंताच्या स्मरणात असतात. अशी पोथी आमच्या अभ्यासक्रमाला कशी पेलणार?

शहरी मराठी प्रेक्षकाला बाहुली पुन्हा भेटली ती शब्दभ्रमाच्या रूपाने. यशवंत केशव पाध्ये यांनी १९१६ च्या सुमारास 'अर्धवटराव' घडविला. त्यांचे पुत्र रामदास १९६७ पासून त्याला बोलते ठेवीत आले आणि १९९३ च्या 'झपाटलेला' चित्रपटातील तात्या विंचू हीही त्यांचीच निर्मिती. शब्दभ्रमात वाणी माणसाची असते, पण ती बाहुलीची आहे असे भासविण्यातच सगळे कौशल्य असते. म्हणजे ज्याची वाणी त्याचाच देह ही व्याख्या येथे बाहुलीनेही मान्य केली! पिंगुळीची बाहुली असा दावा करीत नाही. कथा सांगणारा आपल्याजवळच बसला आहे, हे तिच्या प्रेक्षकाला ठाऊक असते.

येथे आंतरराष्ट्रीय महोत्सवांचे महत्त्व लक्षात येते. समकालीन बाहुलीनाट्यात चालक अनेकदा उघडपणे रंगमंचावर उभा राहतो. जपानच्या बुनराकूत एका बाहुलीमागे तीन चालक प्रेक्षकांसमक्ष असतात आणि निवेदक बाजूला बसून सर्वांची वाणी बोलतो. युरोपातील विसाव्या शतकातील प्रयोगकारांनी या परंपरेकडून पुष्कळ घेतले. ज्याला जग आज प्रायोगिक म्हणते, ते वाणी आणि देह यांचे उघड विभाजन आपल्या देवळांच्या आवारात होतेच. महोत्सव ही जाणीव करून देतो, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे.

परंतु महोत्सव काही काढूनही घेतो. देवळाच्या रात्रीला वेळेचे बंधन नसते. प्रेक्षकाला कथा आधीच माहीत असते आणि तो ती पुन्हा ऐकायला येतो. महोत्सवात पाऊण तासाचा तुकडा, कथेची ओळख करून देणारे पत्रक आणि परक्या भाषेचा प्रेक्षक. अशा वेळी निवेदन आखडते आणि बाहुलीची करामत वाढते. ज्या कलेचा प्राण वाणीत, ती डोळ्यांची कला होते. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या गोठ्याचे रूपांतर करून 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभे केले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बाहुल्या आणि चित्रे त्यामुळे वाचली, ही थोर गोष्ट आहे. पण त्या चित्रांवरची बोली, ती गाणी आणि निवेदनाच्या लकबी कोणी जपायच्या? ते काम चित्रकलेच्या अभ्यासकाचे नव्हे, भाषेच्या अभ्यासकाचे आहे. म्हणजे आपले आहे.

फ्रान्समधील शार्लव्हिल-मेझियेर हे रॅम्बो या कवीचे जन्मगाव. तेथे १९६१ मध्ये जाक फेलिक्स यांनी बाहुल्यांचा महोत्सव सुरू केला. त्यापाठोपाठ १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय बाहुली संस्था आणि १९८७ मध्ये प्रशिक्षणाचे विद्यालय आले. महोत्सव काही दिवसांचा, विद्यालय बाराही महिन्यांचे. आज ते गाव कवीइतकेच बाहुल्यांसाठीही ओळखले जाते. आपण महोत्सवांची पत्रके वाचतो, पण त्यामागचा हा क्रम वाचत नाही.

मी हे मीरा-भाईंदरमध्ये बसून लिहीत आहे. २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहरात २०२२ मध्ये लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह उघडले. येथे मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, कोकणी बोलणारी घरे एकाच जिन्यावर राहतात. सर्व वयांचा आणि सर्व भाषांचा प्रेक्षक असलेला बाहुल्यांचा महोत्सव येथे भरावा, अशी माझी इच्छा आहे. पण त्याआधी एक लहान काम आपल्या हाती आहे. एम. ए.च्या एखाद्या विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रक घेऊन पिंगुळीला जावे, एका पोथीचे निवेदन एका कलावंताच्या तोंडून पूर्ण ऐकावे आणि जसेच्या तसे उतरवून प्रबंधाच्या परिशिष्टात नव्हे, तर पहिल्या प्रकरणात द्यावे. मग नाट्येतिहासाचा तास १८४३ पासूनच सुरू केला तरी हरकत नाही. फक्त भाव्यांच्या हातातली ती लाकडी बाहुली विद्यार्थ्यांना दाखवायला विसरू नये.