व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहांतील दोन विभाग

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असें मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटलें जात आलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोपांतील मोठ्या शहरांच्या सार्वजनिक प्रसूतिगृहांना हें म्हणणें अक्षरशः लागू पडत होतें. आणि विचित्र गोष्ट ही कीं, घरच्या बाळंतपणापेक्षां तेथील धोका पुष्कळ अधिक होता. प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांत थंडी वाजून ताप भरे, पोट फुगे, आणि बहुधा आठवड्याच्या आंत बाळंतिणीचा अंत होई. यास वैद्यकांत सूतिकाज्वर म्हणतात. हवेंतील कांहीं दूषित अंशामुळें तो होतो, अशी त्या काळच्या पंडितांची समजूत होती. व हवेपुढें कोणाचा काय इलाज?

व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालय १७८४ सालीं सुरू झालें. त्याचें प्रसूतिगृह अवाढव्य होतें, व १८४० पासून त्याचे दोन विभाग अगदीं स्वतंत्र करण्यांत आले. पहिल्या विभागांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. प्रवेशाचे दिवस वांटून दिलेले असत, त्यामुळें कोणती स्त्री कोठें जाईल हें निव्वळ वारावर अवलंबून असे. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागांत २०,०४२ प्रसूति होऊन १,९८९ स्त्रिया दगावल्या. दुसऱ्या विभागांत १७,७९१ प्रसूति होऊन ६९१. एकीकडे शेंकडा दहा, तर दुसरीकडे शेंकडा चारांहूनही कमी! छप्पर एक, हवा एक, रस्ता एक. शहरांतील गोरगरीब बायकांना हा भेद पक्का ठाऊक होता. पहिल्या विभागाचा वार आहे असें कळतांच त्या गुडघे टेकून, हात जोडून परत जाऊं देण्याची विनवणी करीत. ज्या वाटेंतच प्रसूत होऊन मागाहून दाखल होत, त्या मात्र क्वचितच आजारी पडत.

१८४६ सालीं पहिल्या विभागांत प्राध्यापक क्लाइन यांचा साहाय्यक म्हणून इग्नाझ सेमेलवाइस हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण रुजू झाला. तो मूळचा बुडा शहरचा. या भेदानें त्याची झोंप उडविली. त्यानें एकेक कारण घेऊन तें पारखण्यास आरंभ केला. गर्दी म्हणावी, तर दुसऱ्या विभागांत ती अधिक होती. प्रसूतीच्या वेळीं स्त्रीला निजविण्याची रीत बदलून पाहिली. उपयोग झाला नाहीं. अंत्यविधीसाठीं येणारा धर्मगुरु पहिल्या विभागांतून घंटा वाजवीत जाई, त्या भीतीनेंच बायका मरत असतील अशीही एक कल्पना होती. त्यानें धर्मगुरूस घंटेवांचून व दुसऱ्या वाटेनें येण्यास विनविलें. मृत्यु थांबले नाहींत. सरकारी चौकशी-मंडळानें परदेशी विद्यार्थ्यांच्या धसमुसळ्या तपासणीवर ठपका ठेवला व विद्यार्थ्यांची संख्या घटविली. परंतु १८४७ च्या एप्रिलांत मृत्यूंचें मान शेंकडा अठरांवर गेलें.

त्याच वर्षीं मार्चमध्यें सेमेलवाइस व्हेनिसच्या सहलीहून परत आला, तों त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेच्का निवर्तल्याची वार्ता कानीं आली. शवविच्छेदन चालू असतां एका विद्यार्थ्याच्या हातांतील सुरी कोलेच्काच्या बोटास लागली होती. त्याच्या शवाचा तपासणी-वृत्तान्त सेमेलवाइसनें वाचला, आणि रोज बाळंतिणींच्या शवांत दिसणाऱ्या खुणाच त्यांत त्यास आढळल्या. एक पुरुष सूतिकाज्वरानें मेला होता! सुरीबरोबर जें कोलेच्काच्या रक्तांत गेलें, तेंच विद्यार्थ्यांच्या बोटांबरोबर बाळंतिणींच्या शरीरांत जात असलें पाहिजे. विद्यार्थी व अध्यापक सकाळीं शवविच्छेदन करून तेथून थेट प्रसूतिगृहांत येत. सुइणींच्या शिक्षणांत शवविच्छेदन नव्हतें.

साबणानें हात धुतले तरी शवागाराचा वास हातांस राहतो, हें त्याच्या ध्यानांत होतें. वास राहतो त्याअर्थीं कांहीं तरी कणही राहत असावेत, असें अनुमान करून, वास घालविणारें द्रव्य म्हणून त्यानें क्लोरिनचें पाणी निवडलें. पुढें तें महाग पडूं लागल्यानें स्वस्तांतली क्लोरिनयुक्त चुन्याची भुकटी पाण्यांत कालवून वापरली. मे १८४७ च्या मध्यापासून त्या पाण्यांत हात धुतल्यावांचून कोणासही आंत जाण्याची बंदी झाली. जूनमध्यें २६८ प्रसूतींत ६ मृत्यु झाले, जुलैमध्यें २५० त ३. १८४८ च्या मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत तर एकही स्त्री दगावली नाहीं.

मध्यंतरीं एक घाला पडलाच. ऑक्टोबर १८४७ मध्यें गर्भाशयाच्या कर्करोगानें पीडित अशी एक स्त्री ओळींतील पहिल्या खाटेवर होती. प्रत्येक फेरी तिच्यापासून सुरू होई, व तिला तपासल्यावर हात केवळ साबणानें धुतले जात. त्या ओळींतील बारा जणींपैकीं अकरा मेल्या. तेव्हां विष प्रेतांतूनच येतें असें नव्हे, तें जिवंत रोग्यांतूनही येतें, हें कळून आलें, आणि दर रोग्यानंतर हात धुण्याचा नियम झाला.

सेमेलवाइसचें खरें शस्त्र क्लोरिन नव्हतें, रुग्णालयाच्या जुन्या नोंदवह्या होत्या. त्या १७८४ पासून उपलब्ध होत्या. पहिल्या अडतीस वर्षांत मृत्यूंचें मान शेंकडा सव्वाच्या सुमारास होतें. १८२३ पासून, शवविच्छेदनाचा प्रघात वाढला तेव्हां, तें एकाएकीं चढलें. प्रगत विद्येनेंच मरण घरांत आणलें होतें, आणि त्याचा आंकडा त्याच घरच्या वह्यांत निमूटपणें लिहिला जात होता.

पण हें निदान पचविणें सोपें नव्हतें. आपल्याच हातांनीं आपण रोगी मारले, हें कोणता वैद्य सहज कबूल करील? कील येथील प्राध्यापक मिखाएलिस यांनीं तें कबूल केलें. आपण प्रसूति केलेल्या एका आप्त स्त्रीचा मृत्यु त्यांना असह्य झाला, आणि १८४८ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. इतर बहुतेकांनीं नाकें मुरडलीं. १८४९ मध्यें सेमेलवाइसच्या नेमणुकीची मुदत वाढविण्यांत आली नाहीं. दोषाचा कांहीं अंश त्याच्याकडेही जातो: त्यानें वर्षानुवर्षें स्वतः कांहींच प्रसिद्ध केलें नाहीं, आणि १८६१ सालीं ग्रंथ काढला तो पसरट; त्यानंतर विरोधकांस खुलीं पत्रें लिहून त्यांना खुनी म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली. पेस्ट येथील सेंट रोखस रुग्णालयांत मात्र सहा वर्षांत ९३३ प्रसूतींत सूतिकाज्वराचे अवघे ८ बळी होऊन त्याचें म्हणणें पुन्हां खरें ठरलें होतें. १८६५ सालीं त्यास व्हिएन्नांतील वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें, व १३ ऑगस्ट रोजीं जखम चिघळून रक्त दूषित झाल्यानें तो वारला. त्याच्या आदल्याच दिवशीं ग्लासगो येथें जोसेफ लिस्टरनें एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर प्रथम कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली होती. सूतिकाज्वराच्या जंतूंच्या माळा पाश्चरनें पॅरिसच्या सभेंत फळ्यावर काढून दाखविल्या त्या १८७९ सालीं.

नोंदवहीचा विषय पुढें शंभर वर्षांनीं पुन्हां निघाला. १९७४ पासून अमेरिकेंत रुग्णालयांची एक विस्तृत पाहणी झाली. रुग्णालयांतच जडलेल्या रोगांची मोजदाद करण्यास माणसें नेमून, शस्त्रवैद्यांस ज्याचे त्याचे आंकडे जेथें कळविले जात, अशा ठिकाणीं ते रोग सुमारें एक तृतीयांशानें घटल्याचें आढळलें. जेथें अशी व्यवस्था नव्हती, तेथें ते वाढले होते.