चर्मनौकेचे वाळवण व ऑर्कनीच्या ‘फिन-लोकां’चे कोडे

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांच्या इतिहासात सतराव्या शतकाच्या अखेरची एक नोंद दीर्घकाळ वादाचा विषय होऊन राहिली आहे. कर्कवॉल येथील धर्मोपदेशक जेम्स वॉलेस ह्यांचा ऑर्कनीचे वर्णन करणारा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६९३ मध्ये प्रसिद्ध झाला. १६८२ साली ईडे बेटाच्या दक्षिण टोकाशी एक मनुष्य लहानशा नावेतून एकटाच फिरताना दिसला, लोक त्याला पाहण्यास लोटले आणि त्याला धरण्यासाठी होडी घालताच तो अतिवेगाने निघून गेला, असे त्यात नमूद आहे. १६८४ मध्ये वेस्ट्रे बेटावरून असाच एक मनुष्य दिसला व त्यानंतर काही काळ मासे मिळेनासे झाले. ह्या आगंतुकांना बेटवासी ‘फिन-लोक’ म्हणत. त्यांची नाव चामड्याची असे, ही माहिती जॉन ब्रँड ह्यांच्या १७०१ च्या वर्णनातून मिळते.

हे लोक कोण होते? नावावरून निघणारे उत्तर सरळ दिसते. जुन्या नॉर्स भाषेत ‘फिन’ हा शब्द उत्तर स्कँडिनेव्हियातील सामी लोकांना लावीत. डेव्हिड मॅक्रिची ह्यांनी १८९० मध्ये ह्याच दिशेने जाऊन फिन-लोकांचे मूळ नॉर्वेच्या बाजूस शोधले. परंतु येथे शब्द एकीकडे व वस्तू दुसरीकडे बोट दाखविते. सामी लोकांची प्रसिद्धी होती ती फळ्या तातीने शिवून केलेल्या लाकडी होड्यांसाठी. वरूनही चामड्याने मढविलेली, एकाच माणसाची नाव ही ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या ध्रुवीय किनाऱ्याची. ‘कायाक’ हा शब्दही त्या विस्तीर्ण पट्ट्यातील बोलीभाषांत थोड्याफार उच्चारभेदाने सर्वत्र आढळतो. स्कॉटलंडमध्ये टिकून राहिलेल्या जुन्या नावांचा विचार करून इअन व्हिटेकर ह्यांनी १९५४ मध्ये ग्रीनलंडचाच पक्ष घेतला.

मग प्रश्न उरतो तो ह्या नावा तेथवर आल्या कशा, हा. त्याचे उत्तर नौकानयनाच्या कौशल्यापेक्षा नाव किनाऱ्यावर आल्यानंतर तिची जी निगा राखावी लागे, तीत शोधणे अधिक फलदायी ठरते.

ग्रीनलंडच्या कायाकचा सांगाडा समुद्रातून वाहून आलेल्या लाकडाचा असे. त्याचे सांधे खिळ्यांनी न ठोकता वादीने बांधीत, म्हणजे लाटेबरोबर तो किंचित लवे. त्यावर केस काढलेली सीलची कातडी ताणून बसवीत. ती शिवण्याचे काम स्त्रियांचे. सुई कातड्याच्या आरपार न जाऊ देता दुहेरी शिवण घालीत. दोरा प्राण्याच्या स्नायूंचा असल्यामुळे तो पाण्यात फुगे व टाक्याचे छिद्र बुजे. डेव्हिड क्रांट्स ह्यांनी १७६५ च्या आपल्या ग्रीनलंडच्या इतिहासात ह्या नावेस विणकऱ्याच्या धोट्याची उपमा दिली आहे.

अशी नाव समुद्रावरून परतली की उचलून घेता येई इतकी हलकी असे. तिच्यातील पाणी, वाळू व बर्फ काढून टाकीत आणि दगडांच्या वा लाकडाच्या उंच घोडीवर ती वाळत ठेवीत. उंची आवश्यक होती, कारण भुकेली कुत्री कातडे खाऊन टाकीत. कातडे वाळले की शिवणींना व पृष्ठभागाला सीलची चरबी चोळीत. वाळवण अपुरे राहिले तर कातडे कुजे. अति झाले तर ते तडके. झिजलेले कातडे काढून नवे चढवीत, तेव्हा सांगाड्याचे बंधही तपासले जात. सांगाडा मात्र अनेक वर्षे चाले. सारांश, ओले होणे व वाळणे ह्यांच्या आवर्तनावरच नावेचे आयुष्य अवलंबून होते.

हे आवर्तन तुटले तर काय होते? सतत पाण्यात राहिलेले कातडे भिजून सैल व जड होते. ही मर्यादा साधारणतः दोन दिवसांची मानली जाते. ताशी ६ किलोमीटर ह्या वेगाने, क्षणभरही न थांबता, ४८ तासांत २८८ किलोमीटर अंतर कापता येईल. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापासून ऑर्कनी दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आइसलंड व फेरो बेटांवर थांबत, किंवा हिमखंडांवर नाव वाळवीत, कोणी आला असेल असा आक्षेप घेता येतो. चरबीचा लेप ताजा असता मुदत काहीशी वाढते हेही खरे. तथापि आइसलंड ते फेरो हा एकच टप्पा चारशे किलोमीटरांहून अधिक भरतो.

म्हणून दुसरी शक्यता अधिक ग्राह्य वाटते. युरोपीय जहाजे ग्रीनलंडचे लोक बळाने पळवून नेत, ह्याला स्वतंत्र पुरावा आहे. १६०५ च्या डॅनिश मोहिमेने तसे केले. १६५४ मध्ये डाव्हिड डॅनेल ह्यांच्या जहाजाने आणलेल्या चौघांचे बर्गन येथे काढलेले चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अशा बंदिवानांच्या नावाही जहाजावर असत. स्कॉटलंडजवळ सुटलेल्या वा सोडून दिलेल्या माणसाची नाव कोरडीच पाण्यात उतरली असेल, तर वरील अडचण राहत नाही. हा निर्णायक पुरावा नव्हे; पण ज्ञात गोष्टींशी तो अधिक जुळतो.

ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात अशी एक नाव आहे. १७८२ मध्ये छापलेल्या एका वर्णनाप्रमाणे, शतकाच्या आरंभी ती समुद्रात पकडली गेली तेव्हा तिच्यात एक ‘इंडियन’ होता. तो जिवंत ॲबर्डीनला आणला गेला, लवकरच वारला, आणि स्वतःविषयी काही सांगू शकला नाही. ह्या अखेरच्या वाक्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. हान्स एगेडे ग्रीनलंडला पोहोचले १७२१ मध्ये. त्यांचे पुत्र पाउल ह्यांचा ग्रीनलंडी शब्दकोश छापला गेला १७५० मध्ये. शतकारंभी ॲबर्डीनमध्ये त्याची भाषा समजणारा बहुधा कोणीच नव्हता. तो बोलला नाही असे नव्हे. त्याचे बोलणे कोणास कळले नाही. ऑर्कनीत त्याच्या बांधवांना ‘फिन’ म्हटले, येथे त्याला ‘इंडियन’. दोन्ही नावे परक्यांनी दिलेली. नाव वाळवून जतन झाली. माणसाचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.