पेन्सिलची नोंद

सातबारा हाताने लिहायच्या काळात धाराशिव जिल्ह्यातल्या तलाठ्याला पेन्सिल आणि शाई दोन्ही लागत. खरेदीखत झालं की गाव नमुना 6 मध्ये फेरफार चढायचा, पण सातबाऱ्यावर त्याची नुसती पेन्सिलची खूण. संबंधितांना नोटीस, हरकतीला 15 दिवस, मंडळ अधिकाऱ्याची सही, आणि मग शाई.

दूरच्या सर्व्हरवरच्या फाइली वापरू देणाऱ्या एनएफएस या नेटवर्क फाइल सिस्टिमला ही पेन्सिल सापडायला दहा वर्षं लागली. सन मायक्रोसिस्टिम्सने ती 1985 मध्ये बाजारात आणली तेव्हा शिरस्ता कडक होता: लिहिलेलं डिस्कवर उतरल्याशिवाय सर्व्हरने ‘झालं’ म्हणायचं नाही. सर्व्हरची वीज गेली तर? ही धास्ती लोडशेडिंग सोसलेल्या मराठवाड्याला समजावून सांगायला नको. पण एका खेपेला जास्तीत जास्त 8 केबी, आणि प्रत्येक खेपेला डिस्कची वाट पाहायची. म्हणजे पेन्सिल नाहीच, सगळी शाईच.

खरं तर युनिक्सला घरच्या डिस्कपुरती पेन्सिल ठाऊक होती. बदललेलं पान मेमरीत ‘डर्टी’ म्हणून राहायचं आणि ‘अपडेट’ नावाचा प्रोग्राम दर 30 सेकंदांनी ते डिस्कवर पाठवायचा. तेवढ्यात त्याच पानावर दहादा खाडाखोड झाली तरी खेप एकच. लिनक्समध्ये डर्टी पानाची मुदत आजही मुळात 30 सेकंदच असते.

जून 1995 मध्ये एनएफएसची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात लेखन ‘अनस्टेबल’ पाठवता येतं आणि शेवटी एकच ‘कमिट’. दरम्यान सर्व्हर पडून उठला तर त्याच्या उत्तरांवरचा शिक्का बदलतो. तो पाहून क्लायंट जपून ठेवलेली पानं पुन्हा पाठवतो.

तरी फाइल बंद करताना पानं पाठवावीच लागत, कारण पुढच्या यंत्राने ती उघडली तर ताजं दिसायला हवं. मग चौथ्या आवृत्तीने ‘डेलिगेशन’ आणलं. सर्व्हर क्लायंटला सांगतो: फाइल सध्या तुझ्याच ताब्यात, दुसरा आला की मी ताबा परत मागेन. तोवर बंद करताना पानं पोहोचेपर्यंत ताटकळायला नको. आणि फाइल नुसती वाचायला उघडली असेल, तर ती बंद करताना लिनक्सचं एनएफएस मॉड्यूल एकही पान पाठवत नाही. सातबारा बघायला आलेल्यासाठी फेरफार कोण लिहितो?