‘शक्ती’चा पहिला अल्बम: मैफलीत रेकॉर्ड झालेलं हे संगीत चाहत्यांना आजही का आवडतं?

तुळजापुरात देवीच्या गोंधळात संबळ वाजू लागला की समोर बसलेल्यांच्या माना आपोआप डोलू लागतात. संबळ, तुणतुणं, झांज आणि ऐकणाऱ्यांची दाद, हे सगळं मिळून गोंधळ रंगतो. स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या गोंधळात ही रंगत तशीच्या तशी उतरत नाही.

रॉक संगीताचे चाहतेही लाइव्ह अल्बमबद्दल हेच सांगतात. ‘द हू’ या बँडचा १९७० चा ‘लाइव्ह ॲट लीड्स’ त्यामुळेच आजही जपून ऐकला जातो. भारतीय तालवाद्यांचा असाच एक लाइव्ह अल्बम आहे. त्याचं आणि बँडचं नाव एकच, ‘शक्ती’.

हा अल्बम कुठे रेकॉर्ड झाला?

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, लाँग आयलंडवरच्या साउथॅम्प्टन कॉलेजमध्ये ५ जुलै १९७५ रोजी ‘शक्ती’ची मैफल झाली. तिचं रेकॉर्डिंग कोलंबिया कंपनीने १९७६ मध्ये ‘शक्ती विथ जॉन मॅकलॉफ्लिन’ या नावाने बाजारात आणलं. बँडचा हा पहिलाच अल्बम होता.

बँडमध्ये कोण होतं?

इंग्लंडचे गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर मुंबईचे झाकीर हुसेन, घटमवर टी. एच. विनायकराम आणि मृदंगमवर आर. राघवन. घटम म्हणजे मातीचा घडा. बोटांनी आणि तळव्यांनी वाजवला जाणारा.

तबला उत्तरेच्या हिंदुस्थानी परंपरेतला, तर घटम आणि मृदंगम दक्षिणेच्या कर्नाटक परंपरेतले. दोन्हींची तालाची भाषा वेगळी. त्या काळी ही वाद्यं एका मंचावर इतक्या मोकळेपणाने एकत्र येणं नेहमीचं नव्हतं. मैफलीच्या वेळी झाकीर हुसेन अवघे २४ वर्षांचे होते.

रॉकचे चाहते चकित का झाले?

मॅकलॉफ्लिन त्याआधी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’साठी ओळखले जात. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि कानठळ्या बसवणारा आवाज ही त्या बँडची ओळख. ‘शक्ती’च्या या मैफलीत इलेक्ट्रिक गिटार नव्हती, ड्रमसेट नव्हता. मंचावर फक्त साधी, विजेशिवाय वाजणारी वाद्यं होती. कीर्ती आणि मोठा श्रोतावर्ग मिळवून देणारा आवाज बाजूला ठेवणं ही जोखीमच होती.

वेग मात्र कमी झाला नाही. पहिली रचना ‘जॉय’ सुमारे १८ मिनिटांची आहे. गिटार आणि व्हायोलिन सुसाट वेगाने एकाच सुरावटीवर धावतात आणि एकदम थांबतात. दुसरी ‘लोटस फीट’ पाच मिनिटांहूनही लहान आणि शांत आहे. तिसरी रचना जवळपास २९ मिनिटं चालते.

चाहते नेमकं काय ऐकतात?

बरेच जण तालवाद्यांच्या सवाल-जवाबासाठी हा अल्बम लावतात. एक वादक बोल टाकतो, दुसरा तो उचलून पुढे नेतो. समेवर सगळे एकत्र आले की श्रोत्यांची दाद ऐकू येते. लयीची चढाओढ, आणि तरीही एकमेकांना सांभाळून घेणं. गोंधळ किंवा भजनाची बारी ऐकलेल्या कानांना हे ओळखीचं वाटेल.

शिवाय बँड नवा होता. रचना पुरत्या घासूनपुसून घेतलेल्या नाहीत. वादक एकमेकांचा अंदाज घेत पुढे जातात. पुढच्या दोन अल्बममध्ये ‘शक्ती’ अधिक रेखीव झाली, राघवनही त्यांत नव्हते. म्हणून पाच जणांची ती पहिली ‘शक्ती’ ऐकायची तर याच अल्बमकडे यावं लागतं.

पुढे काय झालं?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बँड पांगला. १९९७ मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने मॅकलॉफ्लिन, झाकीर आणि विनायकराम पुन्हा एकत्र आले. नंतर गायक शंकर महादेवनही बँडमध्ये आले. २००१ चा ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ हा त्यांचा लाइव्ह अल्बम मुंबईत रेकॉर्ड झालेला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘धिस मोमेंट’ या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन यांचं सॅन फ्रान्सिस्कोत निधन झालं.

त्यामुळे १९७५ च्या या रेकॉर्डिंगचं मोल आता आणखी वाढलं आहे. पुढे जगभर ज्यांच्या नावावर सभागृहं भरली, ते झाकीर इथे तरुण आहेत आणि चार साथीदारांचं ऐकत, त्यांना उत्तर देत वाजवत आहेत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने ‘लोटस फीट’पासून सुरुवात करावी, कान रुळले की ‘जॉय’ लावावं.