प्रॅक्टिकल नर्सचे शिक्षण : खर्च कोणी सोसला?

अमेरिकेतल्या रुग्णसेवेत प्रॅक्टिकल नर्स ही मधली पायरी. तिच्या वर रजिस्टर्ड नर्स, खाली मदतनीस. साधारण वर्षभराचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, मग परवान्याची परीक्षा आणि त्यानंतर नोकरी असा तिचा मार्ग असतो. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या राज्यांत तिलाच व्होकेशनल नर्स म्हणतात. ही पायरी तयार झाल्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. पण हे शिक्षण घेणारीला ते परवडते का, हा प्रश्न सरकारने अगदी अलीकडे विचारायला घेतला. त्याआधी तो विचारण्याची फारशी गरज नव्हती, कारण खर्चाचा मोठा वाटा दुसरेच कोणी उचलत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नर्स व्हायचे तर रुग्णालयाच्या शाळेत दोन-तीन वर्षे राहावे लागे. फी नाममात्र किंवा मुळीच नसे, पण ती अंगमेहनतीतून वसूल होई. विद्यार्थिनींनी रोज दहा-बारा तास वॉर्डात राबायचे आणि त्याच्या मोबदल्यात राहणे, जेवण व थोडा हातखर्च मिळवायचा. १९३०च्या दशकापर्यंत बहुतेक रुग्णालयांचे वॉर्ड अशा विद्यार्थिनींच्याच जिवावर चालत. याला शिक्षण म्हणावे की बिनपगारी चाकरी, हा वाद तेव्हाही होता. शिवाय विधवा, मुलेबाळे असलेल्या किंवा वयाने थोराड झालेल्या बायकांना वसतिगृहाचे दार बंदच असे.

अशा बायकांसाठी न्यूयॉर्कमध्ये वायडब्ल्यूसीए या संस्थेने १८९०च्या दशकाच्या आरंभी जेमतेम तीन महिन्यांचा वर्ग काढला. ल्युसिंडा बॅलार्ड यांनी पैसा दिल्यामुळे तो बॅलार्ड स्कूल म्हणून ओळखला गेला. घरी राहून आजाऱ्यांची, तान्ह्या मुलांची आणि म्हाताऱ्यांची देखभाल करायला तिथे शिकवत. पथ्याचा स्वयंपाकही त्यात आला. व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावची हकीकत याहून मजेशीर आहे. थॉमस थॉम्पसन या धनिकाने मृत्युपत्रात आपली संपत्ती गरजू शिवणकाम करणाऱ्या आणि दुकानात काम करणाऱ्या मुलींसाठी ठेवली होती. ते १८६९ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून पुढे १९०७ मध्ये प्रॅक्टिकल नर्सची शाळा निघाली. शिवणयंत्रावर वाकून डोळे गमावण्यापेक्षा मुलींच्या हाती दुसरा धंदा द्यावा, हा विचार दात्याच्या हेतूशी तसा सुसंगतच होता.

दानातून शिक्षण मिळाले, तरी कमाईची हमी नव्हती. परवान्याचा कायदा नसेल तर चार आठवडे शिकलेली आणि वर्षभर शिकलेली सारख्याच पगारावर राबतात. मिसिसिपीने १९१४ मध्ये पहिला कायदा केला. १९२३ मध्ये जोसेफिन गोल्डमार्क यांच्या अहवालाने दुय्यम दर्जाच्या नर्सना रीतसर प्रशिक्षण आणि परवाना देण्याची शिफारस केली. ती रजिस्टर्ड नर्समधील अनेकींना रुचली नाही; स्वस्तात काम करणारी प्रतिस्पर्धी तयार होईल ही भीती त्यामागे होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. न्यूयॉर्कने १९३८ मध्ये परवाना सक्तीचा करणारा कायदा संमत केला. मग महायुद्ध आले, नर्सचा तुटवडा पडला आणि विरोध मावळला. १९५५ पर्यंत सर्व राज्यांत परवान्याचे कायदे झाले होते. प्रमाणपत्राची खरी किंमत तेव्हापासून ठरली, आणि ती ठरवली परवान्याने.

त्याच काळात सरकारी पैसाही आला. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांतल्या धंदेशिक्षणाला केंद्राचे अनुदान सुरू झाले होते. मिनियापोलिसमध्ये १९१९ मध्ये व्यवसाय शाळेत प्रॅक्टिकल नर्सचा वर्ग निघाला. १९५६ च्या आरोग्यविषयक कायद्याने खास याच शिक्षणासाठी राज्यांना निधी दिला. स्थानिक शाळा मंडळाच्या इमारतीत वर्ग, जवळच्या रुग्णालयात प्रात्यक्षिक आणि फी थोडकी. विद्यार्थिनीच्या खिशाच्या दृष्टीने हाच सर्वांत बरा काळ म्हणावा लागेल.

१९६५ नंतर वारे फिरले. त्या वर्षीच्या उच्च शिक्षण कायद्याने आणि व्यवसाय शिक्षणासाठीच्या वेगळ्या कायद्याने सरकारी हमीवर विद्यार्थी कर्ज मिळू लागले. १९७२ च्या दुरुस्तीने नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी शाळांनाही अनुदान आणि कर्जाचे दार सताड उघडले. शाळेला फी आगाऊ मिळे. कर्ज बुडाले तर झळ विद्यार्थ्याला आणि सरकारला. परिणाम व्हायचा तोच झाला : १९९० मध्ये परतफेड सुरू करणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक जण थकबाकीदार निघाले. थकबाकीचे प्रमाण फार असलेल्या शाळांची मदत तोडण्याचे नियम तेव्हा झाले.

कमाई आणि कर्ज प्रत्यक्ष एका तराजूत घालणारा नियम ओबामा प्रशासनाने २०१४ मध्ये पक्का केला. त्याचे सूत्र सोपे आहे. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांच्या कर्जाचा मध्यक घ्यायचा, दहा वर्षांच्या फेडीचा वार्षिक हप्ता काढायचा आणि तो कमाईच्या ८ टक्क्यांहून जास्त भरतो का ते पाहायचे. समजा २०,००० डॉलर कर्ज ५ टक्के व्याजाने घेतले; वर्षाला सुमारे २,५४६ डॉलर भरावे लागतील. कमाई ४५,००० डॉलर असेल तर हा हप्ता पावणेसहा टक्क्यांच्या आत राहतो. कमाई ३०,००० असेल तर साडेआठ टक्के होतो. निर्वाहाचा ठरावीक खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाशी ताडून पाहणारी दुसरी कसोटी आहे, तिथे मर्यादा २० टक्के. दोन्हींत तोल गेला तरच अभ्यासक्रमाची सरकारी मदत धोक्यात येते. जानेवारी २०१७ मध्ये पहिला निकाल लागला, तेव्हा ८०० हून अधिक अभ्यासक्रम नापास झाले आणि त्यांतले ९८ टक्के नफ्यासाठी चालणाऱ्या शाळांचे होते. २०१९ मध्ये हा नियम रद्द झाला आणि २०२३ मध्ये नव्या रूपात परतला. या वेळी आणखी एक अट आली : शिकून बाहेर पडणाऱ्यांची कमाई त्या राज्यातल्या केवळ बारावीपर्यंत शिकलेल्यांहून जास्त हवी. प्रमाणपत्र अभ्यासक्रम सरकारी कॉलेजातले असोत वा खासगी, दोघांनाही हे मोजमाप लागू झाले.

प्रॅक्टिकल नर्सचे पारडे या हिशेबात सहसा जड ठरते, कारण परवान्यामुळे पगाराला तळ मिळाला आहे. सरकारी आकडेवारीनुसार मे २०२३ मध्ये तिच्या वार्षिक पगाराचा मध्यक ५९,७३० डॉलर होता, रजिस्टर्ड नर्सचा ८६,०७०. रुग्णालयांनी १९८० च्या दशकात रजिस्टर्ड नर्सवर भर दिल्यापासून प्रॅक्टिकल नर्सना काम मुख्यतः वृद्धांच्या शुश्रूषागृहांत मिळते, आणि तिथला पगार रुग्णालयापेक्षा सरासरीने बरा असतो. मात्र हे मोजमाप अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचेच आहे. घर, नोकरी आणि लहान मुले सांभाळताना मधेच शाळा सुटलेली बाई त्यात कुठेच दिसत नाही. तिचे कर्ज मात्र तिच्या नावावर राहते.