काडतूस रीलोडिंग म्हणजे काय? रायफलची गोळी घरी पुन्हा भरण्यामागचं तंत्र आणि कायदा

रील्स बघताना कधीतरी असा व्हिडिओ समोर आला असेल: टेबलावर लोखंडी प्रेस, शेजारी छोटा वजनकाटा आणि एक अमेरिकन माणूस रिकाम्या पितळी पुंगळ्यांपासून पुन्हा काडतुसं तयार करतोय. यालाच रीलोडिंग किंवा हँडलोडिंग म्हणतात. हे नेमकं कसं चालतं आणि भारतात ते चालतं का, हे आज समजून घेऊया.

काडतुसात असतं काय?

आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो, पण रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात:

• पुंगळी: बाहेरचं पितळी आवरण
• प्राइमर: बुडाशी बसवलेली ठिणगी देणारी छोटी टोपी
• दारू: धूर न करणारी पावडर. पहिली यशस्वी पावडर फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये तयार केली
• बुलेट: नळीतून बाहेर जाणारा, म्हणजे खरी गोळी असलेला भाग

बार उडाला की प्राइमर आणि दारू संपते, बुलेट निघून जाते. उरते फक्त पुंगळी. तीच पुन्हा वापरायची, हा रीलोडिंगचा सगळा पाया.

काम कसं चालतं?

आधी पुंगळी साफ करून तडे गेलेत का ते पाहतात. स्फोटाच्या दाबाने ती फुगलेली असते, म्हणून प्रेसमधल्या डाय नावाच्या साच्यात दाबून तिला मूळ मापावर आणतात. त्याच वेळी जुना प्राइमर बाहेर पडतो. लांबी वाढली असेल तर तोंड कापून बरोबर करतात. मग नवा प्राइमर, मोजलेली दारू आणि शेवटी बुलेट.

इथे एक गंमत आहे. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या नावाचा प्राइमर अमेरिकेत रुळला, तर अमेरिकन हायरम बर्डन यांचा युरोपात! बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाशी मधोमध एकच छिद्र असतं, त्यामुळे जुना प्राइमर सुईने सहज ढकलता येतो. अमेरिकेत हा छंद सोपा झाला त्यामागे हेही एक कारण आहे.

लोक हे का करतात?

पुंगळी पुन्हा वापरल्याने खर्च वाचतो. पण लांब पल्ल्याच्या नेमबाजांना त्याहून महत्त्वाची वाटते ती अचूकता. प्रत्येक काडतूस अगदी सारखं आणि आपल्या रायफलला जुळणारं असेल, तर गोळ्या लक्ष्यावर जवळजवळ पडतात. बाजारात सहज न मिळणारी जुनी काडतुसंही अशी भरता येतात.

धोका कुठे आहे?

मोजमापात. १९५२ साली आलेल्या .३०८ विंचेस्टर या काडतुसाची अमेरिकन मानकानुसार दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. कारच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय हवा असते. म्हणजे जवळपास दोन हजार पट दाब, आणि तोही नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर!

त्यात वजनाचं एकक ‘ग्रेन’. एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन येतात. काटा चुकून ग्रॅमवर राहिला तर हिशोब पंधरा पटीने चुकतो. पावडरही शेकडो प्रकारच्या. दिसायला सारख्या, पण जळण्याचा वेग वेगळा. म्हणून तिथले जाणकार छापील मॅन्युअलमधलाच आकडा घेतात, सर्वात कमी मात्रेपासून सुरुवात करतात आणि टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा ठेवतात. कमेंटमधल्या ‘भावा, एवढी टाक’ सल्ल्यावर कुणी विसंबत नाही. चूक झाली तर रायफलच फुटू शकते.

भारतात करता येतं का?

घरी नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विक्रीसाठी मात्र लागतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायलाच परवाना लागतो. तो नसेल तर कलम २५ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. ‘फक्त शिकत होतो’ म्हणून यातून सुटका नाही. बंदुकीचा परवाना असला, तरी तो काडतूस बनवायचा परवाना होत नाही. शेतात, डोंगरात जिवंत काडतूस दिसलं तर हात न लावता ११२ वर कळवा.

मग नेमबाजीची आवड असेल तर?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या स्पर्धेतल्या .२२ रिमफायर काडतुसात वेगळा प्राइमर नसतोच. ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळे ते एकदाच वापरायचं. म्हणजे या पदकाच्या वाटेवर रीलोडिंग कुठेच येत नाही. सुरुवात करायची तर नेमबाजी क्लबमध्ये १० मीटर एअर रायफल बघा. तिच्यात दारू नाही, फक्त दाबलेली हवा आणि छोटा छर्रा.

व्हिडिओ बघा, त्यामागचं विज्ञान समजून घ्या. प्रयोग मात्र घरी नको. ही माहिती आवडली तर मित्रांना नक्की शेअर करा!